पहिल्या ओळीवर थांबलेला

जगात एका वेळी एकाहून जास्त गोष्टी असतात, हे आमच्या वेबसाइटवाल्या मित्राला कधीच मान्य नव्हतं. मूळचा नांदेडकडचा, नोकरी हिंजवडीत, भाड्याची खोली नेऱ्यात. जेवायला बसला की आधी सगळी भाकरी कोरडी संपवणार, मग भाजी, मग आमटी नुसती पिणार. बैठकीत दोघं एकदम बोलले की कानांवर हात ठेवून ओरडणार, "एकेक जण बोला रे, मी काय पळून चाललो का!" खोलीत कप एकच, याचा चहा पिऊन होईपर्यंत पाहुण्यानं थांबायचं. आम्ही थांबायचो. चळवळीची पत्रकं वाटत फिरणाऱ्या आम्हा पोरांसाठी फुकट वेबसाइट करून देणारा दुसरा होता कोण?

गायरानाला कुंपण घालून तिथं गोदामं उभी करायचा घाट घातला गेला, तेव्हा मेंढरं राखणाऱ्या घरांच्या हरकती त्या वेबसाइटवर नोंदवायचं आणि सरकारी सुनावणीत तेच पान दाखवायचं ठरलं. आम्ही वाड्यावस्त्यांवर फिरून फोनवरून त्या भरल्या. त्याआधी यानं चाचणी घेतली होती, आपल्या पद्धतीनं. स्वतःच्या नावाची एक हरकत भरली, ती पानावर दिसली, गडी खूश. "एक आली ना? मग बाकीच्या येतातच."

सुनावणीला साहेबांनी पान उघडलं. हरकत एकच, याची. बाकीच्या आत सुखरूप होत्या; पण पहिली ओळ दाखवून झाली की पुढची आण, संपेपर्यंत आणत राहा, हे यानं पानाला सांगितलंच नव्हतं.

"तुमची मेंढरं किती?" साहेबांनी विचारलं.

"एकही नाही, साहेब. पाच मिनिटं द्या, दुरुस्त करतो."

"मुदतीत दिसली तीच हरकत धरायची. सुनावणी संपली."

"आरं, आमी समदी हितं हुबी हाय की!" धनगरवाड्यातल्या मावशी ओरडल्या. साहेब उठलेसुद्धा. समोर उभी माणसं ज्याला दिसत नाहीत, पडद्यावरची एक ओळ तेवढी दिसते, त्याच्याच हाती आमचं रान! बाहेर आल्यावर मावशी याला म्हणाल्या, "पोरा, तुज्याकडं येक शेरडू न्हाई, आन् हरकत तेवढी तुजीच व्हय रं?"

कुंपण झालं. परवा भांडायचं ठरवूनच त्याच्या खोलीवर गेलो. तो ते पान उघडून बसला होता. सगळ्या हरकती, एकाखाली एक, लख्ख. मावशींचीही होती: 'आमची मेंढरं कुटं न्यायची?' प्रत्येक हरकतीखाली त्यानं उत्तरासाठी मोकळी चौकट ठेवली होती.

"आता कुणी उत्तर दिलं की लगेच दिसेल," तो म्हणाला.

माझ्याच्यानं भांडवेना. मावशींची मेंढरं हल्ली चांदे गावाच्या रस्त्यानं, गाड्यांच्या मधून, चरायला जागा शोधत जातात.