स्वयंपाकालाच गेली होती

सुलोचना गेल्याचा फोन आला तेव्हा मी सहावीच्या वह्या तपासत होते. तिचा मुलगा महेश बोलत होता, मुंबईहून निघाला होता. "बाई, आई गेली... छातीत दुखतंय म्हणाली नि बसल्या जागी..." मला रडू लगेच आलं नाही. आधी मनात जे आलं ते आज पहिल्यांदा लिहिते आहे. वाटलं, आता माझ्यासमोर हिच्या नेपाळचं कौतुक कुणी करणार नाही.

सुलोचना डोंगरातल्या कुडपण गावची. पोलादपूरच्या आमच्या शाळेत ती मुलांसाठी खिचडी शिजवायची, मी हिंदी शिकवते. महाडात पूर आला तेव्हा पूरग्रस्तांसाठी चाललेल्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी दहा-बारा दिवस राबलो. मी याद्या करायची, ती पातेली उतरवायची. तिथे मुंबईच्या एका मदतसंस्थेशी ओळख झाली. पुढे नेपाळच्या डोंगरात भूकंप झाला आणि त्यांचा फोन मला आला. छावणीत रांधायला दोघी हव्यात, याल का? मी देशाबाहेर कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्याच संध्याकाळी महाडला जाऊन जाड स्वेटर घेऊन आले. दोघींचे अर्ज मीच भरले. पण तपासणीत माझं ब्लडप्रेशर निघालं आणि संस्थेनं मला नम्रपणे नकार दिला. "बाई नाय तर मी पन नाय," सुलोचना म्हणाली. "जा गो, नेपाळला पासपोर्ट लागत नाही, मतदार ओळखपत्रावर जाता येतं," मी म्हटलं, पण मनातून वाटत होतं, हिनं हट्ट धरावा, जाऊ नये. ती गेली. माझा स्वेटर घालून गेली.

रोज दुपारी भांडी घासून झाली की तिथून तिचा आवाज यायचा, व्हॉट्सअ‍ॅपवर. "बाई, पानी इतकं गार हाय, बोटं माझी का दुसऱ्याची कळत नाय." उजाडायच्या आत उठायचं, ओल्या लाकडांशी झगडत चूल पेटवायची, डाळ-भात रांधायचा, आणि ज्यांना खाली येववत नाही त्यांच्यासाठी डबे घेऊन चढण चढायची. वर एक म्हातारी पडक्या घरासमोर बसून असायची, अन्नाला शिवायची नाही. सुलोचना रोज तिच्याशेजारी भाजी निवडायला बसू लागली. "ती तिचं बोलते, मी माझं. कळत काय नाय, पन बरं वाटतं." चौथ्या दिवशी म्हातारीनं भाजीची टोपली स्वतःकडे ओढली आणि निवडू लागली... तो निरोप मी तीनदा ऐकला. उत्तर दिलं नाही. मी असते तर तिच्याशी नीट हिंदीत बोलले असते, असं मनात आलं. म्हातारीला हिंदी येत नव्हती, हे नंतर कळलं.

ती परतल्यावर शाळेत सत्कार झाला. एका वार्ताहरानं मला विचारलं, "यांनी तिथे नेमकं काय केलं?" "स्वयंपाकालाच गेली होती हो," मी हसत म्हणाले. सुलोचना मागेच उभी होती, हातात शाल-श्रीफळ घेऊन. "खरं हाय," ती शांतपणे म्हणाली. "भातच घातला." त्यानंतर तिनं माझ्यासमोर नेपाळचं नाव काढलं नाही. मुलांना ती तिथल्या गोष्टी सांगत असायची, मी दारात आले की थांबायची आणि विचारायची, "चा देऊ का, बाई?" चहा मी घ्यायची. माफी मागायचं मात्र रोज उद्यावर टाकत राहिले.

तेराव्याला कुडपणला गेले. जेवणं उरकत होती आणि तिचा मोबाइल वाजला. व्हिडिओ कॉल. महेशनं तो माझ्या हातात दिला. "नेपाळवाली हाय, बाई. आईला दर महिन्याला करायची. तुम्ही सांगा, मला नाय जमत." पडद्यावरच्या बाईनं हिंदीत ओळख सांगितली, ती त्या म्हातारीची सून होती. मी सांगितलं. तिनं तोंडावर हात ठेवला, मागे वळून त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली आणि आतून म्हातारीचा हंबरडा ऐकू आला... दुसऱ्या देशात कुणीतरी आमच्या सुलोचनासाठी ऊर फुटेस्तोवर रडत होतं, आणि मला, तेराव्याला, त्या रडण्याचाही हेवा वाटला. माझ्यासाठी असं कोण रडेल? डोळे पुसून सुनेनं विचारलं, "आप उनकी कौन?" म्हणजे सुलोचनानं त्यांना मुलांबद्दल, म्हशीबद्दल सांगितलं असणार, माझ्याबद्दल नाही. का सांगावं तिनं? 'बाई' म्हटलं तर सुनेला कळलं नसतं. "सहेली," मी म्हणाले. इतक्या वर्षांत हा शब्द मी सुलोचनाच्या तोंडावर कधी उच्चारला नव्हता.

शाळेत आता नवी बाई रांधते. भात चांगला करते, पण बुजरी आहे. सुलोचना मुलांची पंगत उठल्याशिवाय स्वतः जेवायची नाही. डाव हातात घेऊन दारात उभी राहायची आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडायची. गेल्या आठवड्यात न राहवून मीच तिच्या जागी उभी राहिले. "कुणी राहिलंय का?" मी विचारलं. पंगत खुसखुसली. चौथीतली एक मुलगी म्हणाली, "तसं नाय बाई, सुलोचनामावशीसारखं म्हना."

"कोन रायलंय काय रे?" मी ओरडले. आवाज तिच्याएवढा लांब गेला नाही. तरी नळामागून दोघं जण ताटल्या घेऊन धावत आली.