फोन म्हणाला धावा, दीर म्हणाले थांबा

मैत्रिणींनो, सकाळचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितेय.

शाळेत मी खो-खो खेळायचे. लग्नानंतर धावणं सुटलं. हे गेल्यापासून घरात बसवत नाही, म्हणून लेकीने फोनमध्ये ॲप घालून दिलं. थोडं चाला, थोडं धावा, असं ते कानात सांगतं.

आज घणसोलीच्या तलावाजवळ "आता धावा" ऐकून धावायला लागले, तर दिरांनी स्कूटर आडवी घातली. "वैनी, काय झाला? कोनाला काय झाला? बसा गाडीवर!"

आमच्या गावात बाई धावताना दिसली की कुणाचं तरी बरंवाईट झालं, असंच समजतात.

"काही नाही भावजी, व्यायाम करतेय."

तसा त्यांचा सूरच बदलला. "दादाचा वर्षश्राद्ध नाय झाला अजून. लोका काय बोलतील?"

"आणि तुम्ही कुठून येताय?"

त्यांच्या पायात धावायचे बूट होते. रोज पामबीच रोडवर धावून येतात, अगदी दहावं-बारावं झाल्यापासून.

मी बाजूने वाट काढली आणि धावत सुटले. उद्याही जाणार आहे.

दादा त्यांचाही होता ना? मग त्यांना आजवर एकानेही का अडवलं नाही?