जानेवारीतला उन्हाळा

आखातात, अल मनखूलला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये लेकीकडे एक स्पॅनिश आजी राहायची. भाजीच्या दुकानात ती टोमॅटो नाकाशी धरायची आणि मान हलवून परत ठेवायची. जानेवारीत इथल्या शेतांवरचे टोमॅटो आले, तेव्हा मात्र ती वास घेत कितीतरी वेळ डोळे मिटून उभी राहिली.

संध्याकाळी वाडगा घेऊन आली. न शिजवलेले टोमॅटो, शिळा पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेल वाटून केलेलं गार सार. म्हणाली, "आमच्या दक्षिणेत हे उन्हाळ्यात करतात. इथे माझा उन्हाळा जानेवारीत येतो. यल्ला, चला, गारच खा हं!"

दार लागताच बायको म्हणाली, "अहो, हे तर कच्चंच आहे!" तिने हिंग-जिऱ्याची फोडणी देऊन ते उकळलं. आम्ही भातावर ओतून खाल्लं.

सकाळी आजीने विचारलं, "गारच खाल्लंत ना?"

"हो, फार छान होतं."

तिने माझा हात धरला. "घरात कोणी तोंड लावत नाही. तुम्ही तरी खाता."

मग दर जानेवारीला वाडगा आला, आणि दर वेळी आम्ही ते सार उकळलं.

ती कायमची मायदेशी गेली. यंदा मीच टोमॅटो वाटले आणि गारच खाल्लं. खरंच छान लागलं.