चुनामामांची डबी

चुनामामांच्या डबीतला चुना तोंडात कमी आणि टायरवर जास्त जायचा. आदिलाबादेत, जैनथच्या रस्त्याला त्यांचं चाकं बसवायचं दुकान होतं. कुणी जीपसाठी रुंद, नवी चाकं आणली, की मामा तंबाखूची डबी उघडत आणि टायरच्या आतल्या कडेला ओला चुना फासत. मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावून स्वतः गाडीखाली सरपटत. चुना जिथे लागला तिथे चाक घासणार, एवढं साधं शास्त्र.

तेही भरल्या गाडीवरच. "रिकामी गाडी खोटं बोलते," म्हणत ते गिऱ्हाइकाला बायकापोरांसकट आत बसवत. तेलुगू गिऱ्हाईक घाई करू लागलं, तर "आगंडी, आगंडी" म्हणून थांबवत. रिम आणि ब्रेक यांच्यामध्ये त्यांचं बोट गेलं नाही, तर चाक परत. लोक हसायचे. मीही हसायचो, मास्तर असून!

माझा धाकटा भाऊ बापू याने नागपूरहून असलीच चकचकीत चाकं आणली. सांगायला, जीप पैनगंगेच्या रेतीत फसू नये म्हणून. खरं तर मिरवायला. मामांनी चुना लावला, आम्हा दोघांना आत बसवलं, मागे चार पोती टाकली आणि खालूनच ओरडले, "नाई जमत, बापू! फुल वळवली का टायर ब्रेकच्या नळीले लागते."

"सरळ तर मोकळं फिरून राह्यलं ना, मामा!"

"जिंदगीभर सरळच जाशीन का?"

बापू चिडला आणि दुसरीकडून तीच चाकं बसवून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आमच्या दारात. "गुरुजी, तुमी मोठे आहा. किल्ली काढून घ्या न." किल्ली खिळ्यावर होती, माझ्या हातापासून वीतभर. घरात तमाशा नको म्हणून मी त्यांना चहा विचारला. आग लागो माझ्या शहाणपणाला!

आठवडाभरातच, कापूस भरलेली जीप नदीच्या उतारावर वळवताना ती नळी फाटली आणि ब्रेक गेला. बापू वाचला, पण कमरेखालचं अंग कायमचं गेलं.

मोडकी जीप अंगणात आणल्यावर मामा आले. पुन्हा चुना लावला, पुन्हा पोती टाकली. स्टिअरिंग मी फिरवलं. मग वाकून पाहिलं. नळी जिथे फाटली होती, नेमका तिथेच चुना लागला होता. मामांनी तो धोतराच्या सोग्याने पुसून टाकला.

आत खाटेवरून बापूने विचारलं, "मामा, माह्या चाकानंच केलं का हे?"

"नाई रे. नळीच सडेल होती. मले दिसाले पायजे होती."

बापूने ते खरं मानलं. भेटायला येईल त्याला सांगू लागला, मामांना सडकी नळी दिसली नाही. हळूहळू मामांकडे गाड्या येईनाशा झाल्या आणि उन्हाळ्यात दुकान बंद पडलं. मी दोनदा खरं सांगायला बापूच्या खाटेपाशी गेलो, आणि दोनदा त्याच्या पायांवरची चादर नीट करून परत आलो.

परवा बसस्टँडवर मामा भेटले. मला रडूच कोसळलं. म्हटलं, "मामा, आता मी सांगूनच टाकतो."

त्यांनी डबी काढली, हातातच ठेवली. "बापूले झोप लागते ना आता?"

"लागते."

"मंग राहू द्या, गुरुजी," म्हणाले आणि बसमध्ये चढले.