अंगावर काढलेली दोन वर्षं

संपदाने धोंडीरामकाकांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते रुग्णासारखे बसलेले नव्हते. रियाधमधल्या एका खासगी रुग्णालयात ती डोळ्यांच्या विभागात नर्स होती. तिथल्या काउंटरशी एक उंच, वाळका माणूस वाकून उभा होता आणि सनमायकाच्या कडेवरून अंगठा फिरवत होता. एका जागी अंगठा थांबला. "सुटलीय," तो पुटपुटला. मराठी कानावर पडलं म्हणून ती थबकली. तिला पाहायला त्याला सगळी मान वळवावी लागली. डाव्या बाजूने आलेली बाई त्याला दिसलीच नव्हती.

"बाय, आधी ह्या काउंटरचा केसपेपर काढा," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा आजारी आहे तो."

धोंडीराम पांचाळ संगमेश्वरकडचे, वय बावन्न. सतरा वर्षं रियाधच्या एका फर्निचर कंपनीत सुतार. संपदाही त्याच बाजूची, त्यामुळे दुसऱ्या भेटीतच ते तिचे काका झाले. तपासणीत काचबिंदू निघाला. डावा डोळा गेल्यातच जमा होता आणि उजव्याने नळीतून पाहावं एवढंच दिसत होतं. गेलेली नजर परत येत नाही, शस्त्रक्रिया लवकर झाली तर उरलेली टिकेल, हे डॉक्टरांचं म्हणणं संपदाने त्यांना मराठीत समजावलं. काकांनी थोडा विचार केला.

"उरलेली म्हणजे किती, बाय? पट्टीवरची बारीक रेघ दिसण्याइतकी?"

ती हो म्हणाली.

दुखणं दोन वर्षांचं होतं. दिव्याभोवती रंगीत कडी दिसायची, कपाळ ठणकायचं. पण तेव्हा त्यांच्याकडे विम्याचं कार्ड नव्हतं. प्रत्येक कामगाराचा आरोग्य विमा काढणं कंपनीवर कायद्याने बंधनकारक आहे, नाहीतर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, पुढे चालू होत नाही. कंपनीने दोन्ही वर्षं इकाम्यापुरता विमा काढला आणि महिन्याभरात रद्द करून टाकला. तिसऱ्या वर्षी तो टिकला, पण सगळ्यात खालच्या वर्गाचा. त्यात डोळ्यात घालायचे थेंब मिळत, शस्त्रक्रिया बसत नव्हती.

काकांनी कामगार न्यायालयात दावा लावला. मागणी एकच होती: ती दोन वर्षं कार्ड असतं तर वेळेत उपचार झाले असते, म्हणून उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया कंपनीने करून द्यावी. गावाहून शेवंताकाकू फोनवर सांगत होत्या की सोडा ते आणि घरी या. काका म्हणाले, निघालो तर दावा खलास आणि गावच्या डोळ्यांच्या डॉक्टरला पैसे द्यायचे तर तिथे हाताला कामही नाही.

कंपनीच्या वकिलाने एवढंच विचारलं की काचबिंदू मुकाट्याने येतो, ह्या माणसाला दोन वर्षं त्रास होता, याला कागद काय? कागद एकच होता, रुग्णालयातल्या पहिल्या दिवसाची नोंद. ती नोंद न्यायालयात गेल्यावर संपदाने पहिल्यांदा नीट वाचली. त्यात लिहिलं होतं: दोन वर्षांपासून अंगावर पुरळ. डोळ्यांची तक्रार, आजपासून.

नोंद तस्नीमच्या हातची होती. तस्नीम त्याच विभागातली नर्स, लखनौची, कामाला चोख, ऐकलं ते लिहिणारी. संपदाने विचारल्यावर तिला तो दिवस आठवला. "दीदी, मैंने पूछा कब से है. बोले, दो साल अंग पे निकाला. बदन पे निकला मतलब दाने ही तो हुए."

संपदा खुर्चीत बसली. दोन वर्षं अंगावर काढलं, हे वाक्य तिच्या घरात तिच्या आईने कितीतरी वेळा म्हटलं होतं. काकांनी ते शब्दाला शब्द लावून हिंदीत नेलं होतं. तिने त्या शब्दांचा खरा अर्थ सांगणारं पत्र न्यायालयासाठी लिहिलं, तस्नीमने खाली सही केली, आणि पुढच्या तारखेला काकांनी तिला सोबत बसायला सांगितलं.

सुनावणी मोबाइलवर होती. रुग्णालयाच्या पॅन्ट्रीत, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, दोघं एका स्टुलावर मोबाइल टेकवून बसले. काकांनी धुतलेला शर्ट घातला होता आणि सवयीने पेन्सिल कानावर राहिली होती. दुभाष्याने न्यायाधीशांचा प्रश्न हिंदीत सांगितला: दोन वर्षं त्रास होता, तर कंपनीला कळवलं का?

काका म्हणाले, "साहब, कार्ड नहीं था, तो अंग पे निकाला."

दुभाषी अडला. संपदाने पुढे होऊन परवानगी मागितली. "मतलब सहन किया," ती म्हणाली. "किसी को बताया नहीं, काम करते रहे."

ते अरबीत सांगितलं गेलं. पलीकडे कोणीतरी टाइप करत होतं, त्याचा आवाज मोबाइलवर येत होता. संपदाला आपण काय बोललो ते तेव्हा कळलं.

निकालात तेच वाक्य होतं: दावेदाराने त्रास कंपनीला कळवला नव्हता, हे त्याच्या बाजूनेच मान्य झालं आहे. विमा रद्द केल्याची तक्रार वेगळ्या खात्याकडे करावी. अपिलात निकाल कायम राहिला. वेगळ्या खात्याने अर्ज घेतला आणि क्रमांक दिला.

ती काकांना भेटायला कामगारांच्या कॅम्पवर गेली. काकाच आधी बोलले, "तुम्ही बरोबर सांगितलंत, बाय. अंगावर काढण्याला दुसरा अर्थ कुठाय?" मग त्यांनी तिच्यासाठी चहा ओतला. अर्धा कपात गेला, अर्धा बशीत. तिने बशीतला प्यायला.

गेल्या तपासणीत डॉक्टर म्हणाले की आता शस्त्रक्रियेने फारसं काही हाती लागणार नाही. करार संपेपर्यंत कंपनीने काकांना रियाधच्याच अल सुलै भागातल्या गोदामात बसवलंय. तिथे ते मिसळलेले स्क्रू वेगळे करतात, पाऊण इंची, एक इंची, दीड इंची, बोटांनी चाचपून.