काकांचं विणकाम

"चुकलं का? बरं, उसवतो."

असं म्हणून काका सुया मांडीवर ठेवायचे, लोकरीचं टोक चिमटीत धरून ओढायचे, आणि सकाळपासून विणलेलं सगळं भराभर सुटून त्यांच्या पायाशी गोळा व्हायचं. कपाळाला आठी नाही, उसासा नाही. शेजारच्या खाटेवर बसलेल्या काकी डोळे वटारून बघत असायच्या. काका पुन्हा पहिल्यापासून टाके घालायला लागायचे.

मी अंबरनाथ पूर्वेच्या एका शाळेत शिकवत होते. निवृत्त झाल्यावर आम्ही बदलापूरजवळ चामटोली गावात राहायला आलो. आमच्या इमारतीच्या कुंपणापलीकडे काका-काकींचं कौलारू घर, मागे शेळ्यांचा गोठा, आणि तिथून खाली नदीकडे उतरत गेलेली त्यांची भातखाचरं. मुलगा कंपनीत नोकरीला, बायकामुलांसह अंबरनाथला. इथे ही दोघं, चार शेळ्या आणि भुरी नावाची कुत्री. मी त्यांच्याकडे भाजी घ्यायला जायचे आणि तासभर बसून यायचे.

खरं विणकाम काकींचं. गावात जन्मलेल्या कितीतरी पोरांच्या डोक्यावर त्यांनी विणलेली टोपरी होती. एका थंडीत अंगण झाडता झाडता त्या कोसळल्या. बदलापूरच्या दवाखान्यातून परत आल्या तेव्हा उजवं अंग गेलं होतं आणि वाचाही गेली होती. डॉक्टर म्हणाले होते, वाचा येईल, पण त्यांना बोलतं करायला हवं. माणसं भेटायला यायची, "काकी, कशा आहात?" विचारायची. काकी भिंतीकडे तोंड फिरवायच्या.

काकांनी सगळे उपाय केले. रेडिओ लावला, जुन्या गोष्टी काढल्या, नातवंडांना फोनवर बोलायला लावलं. एकदा मला म्हणाले, "ताई, भात टाकू का भाकरी, विचारलं तर मान हलवते. मान हलवून काम होतंय, मग बोलेल कशाला?"

काकींचा उजवा हात कायम गार पडलेला असे. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक असेल. दुपारी अंगणात पाय ठेववत नाही. त्या उन्हाळ्यातही काकी तो हात पदराखाली धरून बसायच्या. मुलाने बाजारातून स्वेटर आणला. त्यांनी डाव्या हाताने ओढून काढला आणि खाली टाकला. तेव्हा काकांनी काकींच्या ट्रंकेतून सुया आणि लोकर काढली आणि खाटेजवळ येऊन बसले.

"मला दाखव. तुझ्या हाताला बाही विणतो."

काकींनी तोंड फिरवलं. काका बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही बसले. शेवटी काकींनी डाव्या हाताने सुई कशी धरायची ते दाखवलं.

नांगर धरलेले ते हात. बोटांना भेगा, त्यात लोकर अडकायची. काका रोज सकाळी खोबरेल चोळून विणायला बसायचे. नाक्यावरच्या चहावाल्याने विचारलं, "काय काका, औंदा मंगळागौरीलाही येणार काय?"

"बोलावलंस तर येईन की," काका म्हणाले, आणि चहा पिऊन परत आले.

बरेच दिवस असे गेले. मग एका सकाळी काका कुंपणापाशी येऊन मला हाका मारायला लागले. मी घाबरून खाली गेले.

"ताई, बोलली ती."

"काय बोलल्या?"

"चुकलं म्हणाली."

हे सांगताना त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसत राहिले.

त्यानंतर एकेक शब्द वाढत गेला. "उलट." "सुलट." "टाका गळला." पुढे पुढे "डोळे कुठं हायत?" आणि "किती येळा सांगू?" काका मान खाली घालून ऐकायचे, "बरं, उसवतो" म्हणायचे. बाही झाली, ती काकींच्या हातात गेली, मग दुसरी झाली. मधेच उसवायचे राहिलेले फसके तुकडे जोडून भुरीला तीन रंगांची बंडी झाली. ती घालून भुरी गावभर हिंडायची आणि दुसरी कुत्री तिला ओळखायची नाहीत.

मला मात्र एक गोष्ट खटकायची. इतके महिने रोज विणणारा माणूस रोज त्याच चुका कशा करतो? मी मनात म्हणायचे, वय झालं, नजर गेली असेल.

दिवाळीच्या आधी कापलेल्या भातावर अवेळी पाऊस पडला. आताशा पावसाला धरबंध उरलेला नाही. काकांनी भिजलेलं भात उन्हात पसरलं, परत ढग आले, परत गोळा केलं, परत पसरलं. ते आटोपल्यावर मला म्हणाले, "ताई, उल्हासनगरला जाल तेव्हा सांगा. लोकर संपली." मला तिथल्या कॅम्प दोनच्या बाजारातून ब्लाउजची अस्तरं आणायची होती, म्हणून आम्ही बरोबर गेलो.

लोकरीचं दुकान एका सिंधी गृहस्थाचं. त्याने काकांना पाहताच गल्ल्यावरून हाक मारली, "आओ साईं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, हे काका नवा नमुना माझ्या पोरींना शिकवून जातात. हात बघा यांचा, मशीन है मशीन." त्याने काउंटरखालून एक पट्टी काढून दाखवली. वेणीची वीण, एकही टाका सैल नाही. मागच्या खेपेला काकांनी तिथेच उभ्या उभ्या विणलेली.

परतताना रिक्षात मी विचारलं, "काका, मग घरी चुकता कशाला?"

त्यांनी लोकरीची पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "बरोबर विणलं की ती गप बसते."

 मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तिला सांगू नका हां ताई. रोज सकाळी मी आधी ठरवतो, आज कुठं चुकायचं. सोपी चूक केली तर एका शब्दात भागतं. आता जरा अवघड चुका करतो."

पुढच्या पावसाळ्यात नदी फुगली. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. भरदुपारी पाणी खाचरं ओलांडून वर यायला लागलं आणि बघता बघता काकांच्या अंगणात शिरलं. काकांनी काकींची खाट ओट्यावर चढवली, त्यांना म्हणाले, "शेळ्या सोडतो आणि तुला न्यायला येतो," आणि गोठ्याकडे गेले.

त्यांनी तीन शेळ्या सोडल्या. चौथीचा दोर कापत असताना गोठ्याची ओली भिंत बसली आणि वरचा वासा त्यांच्या पायावर आला. पाणी गुडघ्यापर्यंत होतं आणि काका त्यात आडवे पडले होते, कोपरावर भार देऊन डोकं वर धरून. भुरी गोठ्याच्या तोंडाशी भुंकत सुटली.

मी गॅलरीत उभी राहून पाणी बघत होते. पत्र्यांवर पावसाचा आवाज इतका की भुरीचं भुंकणं मला ऐकूच आलं नाही. पण काकींना ते ऐकू आलं, आणि त्यांना कळलं. मला ऐकू आला तो ओट्यावरून आमच्या गॅलरीकडे तोंड करून ओरडणाऱ्या काकींचा आवाज.

"ताई, धावा. हे गोठ्यात अडकलेत. माणसं आणा, दोर आणा. लवकर या."

आजारपणानंतर त्यांना इतकं सलग बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्या थांबल्या नाहीत. माझे यजमान आणि वरच्या मजल्यावरचे दोघं जिने उतरून पोहोचेपर्यंत त्या ओरडत होत्या, आणि पोहोचल्यावर "डाव्या हाताला, डाव्या हाताला जा" म्हणून वाटही सांगत होत्या. वासा उचलला तेव्हा पाणी काकांच्या हनुवटीला लागलं होतं.

दोघांना आमच्या घरी आणलं. शेळी वाचली नाही. काकांच्या पायाचं हाड मोडलं होतं. गावाबाहेरचा रस्ता पाण्याखाली होता, त्यामुळे सकाळपर्यंत डॉक्टर मिळणार नव्हता. मी पाय फळीला बांधून दिला. काका दिवाणावर डोळे मिटून पडले होते आणि काकी त्यांना झापत होत्या. शेळ्या महत्त्वाच्या का, बायको महत्त्वाची का, वय किती, हट्ट किती, आधी मला का नाही हलवलं. सगळं स्पष्ट, एकही शब्द न अडखळता. मी म्हणाले, "काकी, त्यांना दुखतंय, झोपू द्या जरा."

काकांनी डोळे न उघडता हात हलवला. "बोलू दे तिला, ताई."

पाय बरा झाला तरी काका त्यानंतर लंगडत चालायचे. गोठा त्यांनी पुन्हा बांधला, या वेळी वरच्या अंगाला. एका शेळीला दोन पिल्लं झाली. सकाळची उन्हं अंगणात आली की काका सुया घेऊन बसायचे, आणि काकींचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा.

काका गेले होळीच्या सुमारास. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

काकींना एकटं ठेवणं शक्य नव्हतं. मुलाने शेळ्या भावकीत दिल्या, घराला कुलूप लावलं आणि आईला अंबरनाथला नेलं. भुरीलाही काकींनी गाडीत घेतलं. मीही सोबत होते. इमारतीच्या दाराशी सोसायटीचे सेक्रेटरी आडवे आले. "कुत्रा चालणार नाही. नियम आहे."

मुलगा बोलायला पुढे झाला, काकींनी त्याला मागे सारलं. चाकांच्या खुर्चीत बसून त्या म्हणाल्या, "भाऊ, घर सोडून आले, शेत सोडून आले. हिला सोडणार नाय. हिच्यामुळं माझं माणूस पाण्यातून वर आलं. तुमचा नियम काय तो बसून सांगा. मला घाई नाय." आणि पुराच्या दुपारपासून सगळं सांगायला सुरुवात केली. सेक्रेटरींनी दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी म्हणाले, "साखळी बांधा म्हणजे झालं."

मागच्या महिन्यात मी त्यांना भेटायला गेले. बाहेर आभाळ भरून आलं होतं. हॉलमध्ये इमारतीतल्या पाचसहा बायका सुया घेऊन बसल्या होत्या. काकींचा उजवा हात मांडीवर, बाहीत. डाव्या हाताने त्या कुणाचा टाका दाखवत होत्या, कुणाला थांबवत होत्या. भुरी खुर्चीखाली झोपली होती.

एका नव्या सुनेने विचारलं, "काकांना पण तुम्हीच शिकवलं ना?"

"शिकवलं की," काकी म्हणाल्या. "माणूस लाखाचा, पण हात नव्हता त्यांना. शेवटपर्यंत चुकत राहिले. रोज सांगायचं आणि रोज चुकायचं. मी म्हणून सांगत बसले."

बायका हसल्या. काकीही हसल्या. मी चहाचा कप तोंडाला लावला.

मग त्यांनी काकांच्या एकेका चुकीची गोष्ट सांगायला घेतली. खाली रस्त्यावर दिवे लागले, बायकांना घरून हाका आल्या, एकेक जण उठून गेली. काकी बोलतच होत्या.