डावीकडे ओढणारी गाडी

स्वारगेटहून पौडची एस.टी. सुटली तेव्हा माझ्या मांडीवर हेल्मेट होतं आणि शेजारच्या शेतकऱ्याच्या मांडीवर कोंबडी. दोघंही एकमेकांच्या ऐवजाकडे जरा संशयाने बघत होतो. भूगाव गेल्यावर त्यांना राहवलं नाही.

"ह्ये डोक्यात घालायचं व्हय?"

"हो. मोटरसायकल आणायला चाललोय."

"मग पडनार हायसा का?" त्यांनी अगदी काळजीने विचारलं. मला हसू यायला हवं होतं. पण त्या दिवसांत आमच्या घरात या विषयावर कुणी हसत नसे.

मी जन्मभर स्कूटर चालवलेला माणूस. निघालो होतो थोरल्या भावाची, दादाची, साडेसहाशे सीसीची परदेशी गाडी आणायला. त्याने ती लष्कराच्या लिलावातून घेतली होती. दोन्ही बाजूंना कॅनव्हासच्या पिशव्या लावून तो आणि वहिनी तिच्यावरून गोवा, हंपी, पार कन्याकुमारीपर्यंत फिरून आले होते. मागच्या वैशाखात मात्र ते नुसते मुळशीच्या धरणावर गेले, सकाळी जाऊन दुपारी परत यायचं म्हणून. माले गावाच्या पुढच्या एका वळणावर गाडी रस्ता सोडून खाली गेली. वहिनी जागीच गेली. दादा वाचला, एक पाय कायमचा अधू होऊन.

त्याला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. हँडल डावीकडे ओढलं गेलं, एवढंच तो वर्षभर सांगत होता. डॉक्टरांना, आईला, भिंतीला. गाडी दुरुस्तीला पौडलाच राहिली होती. शेवटी मागच्या आठवड्यात त्याने मला जवळ बसवलं आणि म्हणाला, "तू जा. त्याच रस्त्यावर चालव. हात सोडून बघ. ओढत असेल तर ती मोडीत घालायची. सरळ जात असेल तर तुझी."

"आणि तू?"

"सरळ जात असेल तर तुझ्या वहिनीला मी मारलं. मग पुढचं माझं मी बघीन."

हे त्याने अगदी शांतपणे सांगितलं. तेव्हा एस.टी.त बसून मी देवाकडे काय मागत होतो म्हणाल, तर गाडीत खोट निघू दे, एवढंच.

पिरंगुटला तेव्हा कारखान्यांची पहिली पत्र्याची छपरं दिसू लागली होती. पौडच्या स्टँडवर उतरलो, तहसील कचेरीसमोरच्या हॉटेलात गार भजी आणि गरम चहा घेतला आणि उस्मानभाईंचं गॅरेज गाठलं. उस्मानभाई पन्नाशीचे, बोलायला सरळ. त्यांनी गाडीवरचं पोतं काढलं आणि मी बघतच राहिलो. टाकी नवी वाटावी अशी, फक्त एका बाजूला ठोकल्याची खूण. तिला वर्षभर रोज पुसलेलं दिसत होतं.

"टाकीचा पोचा काढला, फुटरेस्ट सरळ केला," ते म्हणाले. "पुढच्या चाकाला हात लावला न्हाई. तुमच्या दादांची तशी ताकीदच व्हती. आता ह्ये बगा."

त्यांनी सुतळी घेतली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत ताणून धरली. दोन्ही चाकं एका रेषेत असली तर सुतळी प्रत्येक चाकाला पुढे आणि मागे, अशी चारी ठिकाणी टेकते. ती टेकली. दुसऱ्या बाजूनेही टेकली.

"कुटं फट दिसतीया का?"

"नाही."

"मला बी वाटतं हो, खोट निघावी. पर सुतळीला काय सांगू?"

मला काही खाऊ घातल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. घरातून भाकरी आणि वांग्याचं भरीत आलं. उत्तम असणार. मला चव लागली नाही.

ही गाडी सुरू करणं हे एक कामच आहे. आधी किक हळूच दाबून इंजिनाचा दाब कुठे लागतो ते शोधायचं, मग सगळं अंग टाकायचं. पहिल्या दोन किका उलट्या बसल्या आणि नडगी सोलून निघाली. तिसऱ्यांदा ती जागी झाली आणि उस्मानभाईंच्या फळीवरचे पाने-स्क्रू थरथरू लागले. उभी असताना ही गाडी गव्हाच्या भरल्या पोत्यासारखी अंगावर येते. चालू लागली की ते वजन कुठे जातं कळत नाही. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. गावाबाहेर पडताच समोर म्हैस आली, मी सवयीने उजवा पाय दाबला आणि ब्रेकऐवजी गिअर बदलला. म्हैस शहाणी, ती बाजूला झाली. मी घामाघूम.

पुढे मात्र जमत गेलं. दोन्ही बाजूंना वैशाखातली तांबडी, तडकलेली भातखाचरं. वर करडे डोंगर, उघडे, तापलेले. माले सोडल्यावर धरणाचं पाणी दिसलं, खूप आटलेलं. काठाशी तडे गेलेल्या चिखलाचा रुंद पट्टा होता आणि त्यात दोन बगळे उगाच उभे होते. एरवी मी थांबून बघत बसलो असतो. आता वाटत होतं, याच पाण्याकडे बोट दाखवत वहिनी मागे बसली असेल.

सरळ रस्ता लागला. चाळीस मैलांचा वेग धरला. पुढे-मागे कुणी नाही असं बघून दोन्ही हात सोडले.

गाडी सरळ गेली.

रस्ताच एखाद्या बाजूला उतरता असेल म्हणून दुसऱ्या जागी पुन्हा सोडले. हँडल जरासुद्धा हललं नाही. मी तिला शिव्या दिल्या. चांगल्या चालणाऱ्या यंत्राला शिव्या देणारा मी जगातला एकटाच वेडा असेन.

मग ते वळण आलं. रस्ता उजवीकडे वळतो आणि डावीकडे उतार आहे. आंब्याच्या सावलीत एक म्हातारी टोपली घेऊन बसली होती. टोपलीत करवंदं आणि अळू (भाजीचं नव्हे, रानातलं तपकिरी गोड फळ). गाडी थांबवताच ती उठून उभी राहिली.

"ही तीच गाडी न्हवं? आवाजावरनं वळाकली."

"तीच, मावशी. चालवणारा माझा भाऊ."

"आन् बाई?"

"माझी वहिनी."

ती पुन्हा खाली बसली. बराच वेळ पदराने तोंड पुसत राहिली. "माज्याकडनंच द्रोण घेतला व्हता बाईंनी. लई हसऱ्या. मी हितंच उभी, त्येंच्याकडं बगत. गाडी निघाली. बाईंनी मागनं हात पुढं केला, करवंद भरवाया. सायबांनी तोंड मागं वळवलं, खायाला. तेवढंच बग बाबा. गाडी सरळ गेली, रस्ता वळला."

"हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"इचारलं कुनी? आन् बायकोनं नवऱ्याला भरवलं, ह्ये काय पंचनाम्यात सांगायचं असतं व्हय?"

मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसलो आणि रडलो. वहिनी गेली तेव्हा धावपळीत मला रडायला मिळालं नव्हतं. दादाने दारू प्यायली असती, तो पेंगला असता, कुणाशी शर्यत लावली असती, तर निदान रागवायला जागा होती. आता रागवायचं कुणावर? एका करवंदावर? म्हातारीने मला पाणी दिलं आणि निघताना एक द्रोण हातात ठेवला. नाही म्हणवेना.

परतीच्या वाटेवर मी आणखी दोनदा हात सोडले, वेड्या आशेने. तीच सरळ चाल. सांगायला लाज वाटते, पण पौडपर्यंत मला ती गाडी आवडू लागली होती. चढावर ती कुरकुरत नव्हती, खड्ड्यात आदळत नव्हती. तिच्यावर बसून कन्याकुमारीला का जावंसं वाटतं ते कळत होतं. एक शब्द खरा बोललो की ती माझी होणार होती. पिरंगुटच्या अलीकडे थांबून मी तो द्रोण बांधावर रिकामा केला आणि हात धुतले.

दादा दारातच कुबडी टेकून उभा होता.

"हात सोडलेस?"

"सोडले. चारदा. दोनदा जाताना, दोनदा येताना."

"मग?"

"डावीकडे ओढते."

वर्षभरात पहिल्यांदा त्याचे खांदे खाली आले. तो खुर्चीत बसला आणि तोंड झाकून मोठ्याने रडला. आई आतून धावत आली. थोड्या वेळाने त्याने डोळे पुसले, पाणी मागितलं आणि म्हणाला, "उद्याच मोडीत दे. भाग म्हणूनसुद्धा कुणाला विकू नकोस. दुसऱ्या कुणाची बायको मागे बसायला नको."

दुसऱ्या दिवशी मी ती भवानी पेठेतल्या भंगारवाल्याकडे नेली. त्याने दोनदा किक मारून आवाज ऐकला. "चालू गाडी मोडताय? काय खोट आहे हिच्यात?"

"डावीकडे ओढते," मी म्हणालो. एकदा बोललं की दुसऱ्यांदा सोपं जातं.

त्याने खांदे उडवले, तिला न्यूट्रलमध्ये टाकलं आणि आवाराच्या उतारावरून मागून एक धक्का देऊन सोडून दिलं. हँडलला कुणाचाही हात नव्हता. दोन्ही बाजूंच्या पत्र्यांच्या ढिगांमधून ती सुतासारखी सरळ गेली, थेट समोरच्या भिंतीपर्यंत.

भंगारवाल्याने वळून माझ्याकडे बघितलं. मी हेल्मेट उचललं आणि बाहेर पडलो.